संकेतस्थळाची घडण आणि ‘क्लास’ची पद्धति

चैत्री पौर्णिमा जवळ आली कीं धाराशिव जिल्ह्यांतील कळंब तालुक्याच्या येरमाळा गांवीं यात्रेची लगबग सुरू होते. सोलापूर-धुळें महामार्गावरचें हें गांव. गांवाजवळच्या डोंगरावर येडेश्वरीचें देऊळ आहे. तुळजापूरच्या भवानीची ही धाकटी बहीण, अशी भाविकांची श्रद्धा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं देवीची पालखी डोंगरावरून आमराईंत येते आणि लाखों लोक रानांतून चुनखडीचे खडे वेचतात. एवढ्या समुदायाला त्या दिवसांत त्याच त्या गोष्टी विचारावयाच्या असतात. गाडी केव्हां आहे, वाहन कोठें उभें करावें, पाणी कोठें मिळेल, रात्रीं कोठें उतरावें? अशा प्रश्नांचीं उत्तरें एके काळीं कोणत्याहि गांवीं फळ्यावर खडूनें लिहिलीं जात. आज तीं प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर मिळावींत, अशी अपेक्षा असते.

फोनच्या कांचेवर दिसणारें पान कोण रचतें, कसें रचतें, आणि तें रचण्याच्या एका विशिष्ट पद्धतीबद्दल जाणकारांत इतका मतभेद कां आहे, हें समजून घेण्यासारखें आहे. हा केवळ कारागिरांच्या आवडीनिवडीचा विषय नाहीं. घरोघरच्या माणसांचीं नांवें, पत्ते व फोनचे आंकडे कोणाच्या दृष्टीस पडावे आणि कोणाच्या पडूं नयेत, हा प्रश्नहि त्या पद्धतींतच गुंतलेला आहे.

प्रथम, पान मागितल्यावर काय घडतें तें पाहावें. फोनवर एखाद्या ओळीवर बोट ठेवलें कीं एक मागणी दूरच्या एका संगणकाकडे जाते. या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तेथें एक तक्ता असतो; अमुक पत्त्याची मागणी आली तर ती अमुक खिडकीकडे पाठवावी, असें त्यांत लिहिलेलें असतें. खिडकीवर बसलेला कारकून मागणी वाचतो, दप्तरांतून माहिती काढतो, ती ठरलेल्या छापील नमुन्यांत बसवितो आणि उत्तर परत देतो. हा कारकून हाडामांसाचा नसतो. तो प्रोग्रॅमचाच एक भाग. त्याला ‘व्ह्यू’ म्हणतात. दप्तर म्हणजे डेटाबेस, आणि छापील नमुना म्हणजे टेम्प्लेट. ही सारी मांडामांड प्रत्येक संकेतस्थळासाठीं पहिल्यापासून करीत बसणें म्हणजे प्रत्येक दळणाला नवें जातें घडवून घेण्यासारखें आहे. म्हणून ती तयार मिळते. अशा तयार मांडणीला ‘फ्रेमवर्क’ हें नांव आहे.

‘जँगो’ हें असेंच एक प्रसिद्ध फ्रेमवर्क. त्याचा जन्म एका वृत्तपत्राच्या कचेरींत झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यांतील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्रांत काम करणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनीं २००३ सालीं त्याचा पाया घातला. जुलै २००५ मध्यें तें सर्वांसाठीं खुलें झालें. जँगो राइनहार्ट या विख्यात गिटारवादकाचें नांव त्याला देण्यांत आलें. ज्या पायथॉन भाषेंत तें लिहिलें आहे ती नेदरलंड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनीं निर्माण केली व १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. वृत्तपत्राच्या कामांत वेळ थोडा आणि पानें पुष्कळ. बातम्यांची यादी व एका बातमीचें पान, कार्यक्रमांची यादी व एका कार्यक्रमाचें पान; प्रकार तोच, मजकूर निराळा. एकच काम पुन्हां पुन्हां करावें लागलें कीं शहाणा कारागीर सांचा करतो. जँगोमध्येंहि अशा सांच्यांची सोय आरंभापासून होती. त्यांना ‘जेनेरिक व्ह्यू’, म्हणजे सर्वसाधारण कामाचे कारकून, म्हणत.

आतां येरमाळ्याच्या यात्रेवरच एक कल्पना करावी. यात्रेकरूंच्या सोयीसाठीं एक लहानसें संकेतस्थळ करण्याचें एखाद्या तरुणीनें मनावर घेतलें आहे. तिला चार पानें हवीं आहेत. पहिल्यावर सूचनांची यादी, एस. टी. च्या जादा गाड्या, वाहनतळ, पाणी, दवाखाना. दुसऱ्यावर त्यांपैकीं एका सूचनेचा सविस्तर मजकूर. तिसऱ्यावर रात्रीं उतरण्याच्या जागेसाठीं अर्ज. त्यांत नांव, गांव, माणसांची संख्या आणि फोनचा आंकडा. चौथ्यावर आलेल्या सर्व अर्जांची यादी. ही मात्र व्यवस्था पाहणाऱ्या दोन-चार माणसांनींच पाहावयाची.

साध्या पद्धतीनें ती प्रत्येक पानासाठीं एकेक ‘फंक्शन’ लिहील. फंक्शन म्हणजे वरून खालीं वाचीत जावें असें कामाचें टांचण. मागणी आली, दप्तर उघडलें, माहिती काढली, नमुन्यांत बसविली, परत दिली. ही पद्धति सरळ आहे, आणि चार पानें असतांना तिच्यांत कांहीं उणें नाहीं. पण संकेतस्थळ वाढत जातें. सूचनांबरोबर हरवल्या-सांपडल्याची यादी येते, स्वयंसेवकांची येते, दुकानांच्या जागांची येते. चारांचीं चाळीस पानें होतात, आणि प्रत्येक टांचणांत त्याच पांच-सात ओळी पुन्हां उतरून काढल्या जातात. नक्कल वाढली म्हणजे चूक वाढते. २०२३ सालीं उस्मानाबाद जिल्ह्याचें अधिकृत नांव धाराशिव झालें. जेथें जिल्ह्याचें नांव चाळीस ठिकाणीं हातानें लिहिलेलें असेल तेथें तें चाळीस ठिकाणीं बदलावें लागणार. एकोणचाळीस ठिकाणीं बदलून एक राहून जाणें हा मनुष्यस्वभाव आहे. जेथें तें एकाच जागीं लिहिलेलें असेल तेथें बदल एका ओळीचा.

येथें ‘क्लास’ ही कल्पना उपयोगी पडते. क्लास म्हणजे वर्ग. पण येथें शाळेंतला वर्ग अभिप्रेत नाहीं. तहसील कचेरींत मिळणारा कोरा छापील अर्ज आणि भरून दिलेला अर्ज यांत जो फरक, तोच क्लास आणि त्याची प्रत यांत असतो. कोऱ्या अर्जावर काय कोठें भरावयाचें तें ठरलेलें असतें. भरलेल्या प्रतीवर एकाच माणसाचा मजकूर असतो. या प्रतीला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. ही कल्पना तशी जुनी आहे. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील संगणन-केंद्रांत ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगार्ड या शास्त्रज्ञांनीं ‘सिम्युला’ नांवाची भाषा रचली; तिच्या १९६७ च्या आवृत्तींत क्लास आणि त्याचा वारसा या दोन्ही कल्पना आढळतात. या कार्याबद्दल दोघांना २००१ सालचें ट्यूरिंग पारितोषिक देण्यांत आलें.

वारसा ही यांतली मुख्य गोष्ट. नवरात्रांत घट कसा बसवावा, आरती केव्हां करावी, हें घरांतली प्रत्येक पिढी नव्यानें ठरवीत नाहीं. वडिलांपासून आलेलें ती चालू ठेवते, आणि एखादी गोष्ट बदलावयाची झाली तर तेवढीच बदलते. क्लासचाहि कुलाचार असाच चालतो. नवा क्लास आपल्या पूर्वजाचें नांव सांगूनच जन्मास येतो. जें त्यानें स्वतः सांगितलें नाहीं तें पूर्वजाप्रमाणें, जें सांगितलें तें त्याच्या स्वतःच्या मर्जीप्रमाणें.

जँगोचे जुने जेनेरिक व्ह्यू फंक्शनच्या रूपांत होते, आणि अडचण तेथेंच होती. त्यांना बाहेरून सूचना देतां येत; पण मधली एखादी पायरी बदलावयाची झाली तर त्यांच्या पोटांत शिरतां येत नसे. म्हणून मार्च २०११ मध्यें निघालेल्या १.३ या आवृत्तींत हे सांचे क्लासच्या रूपानें देण्यांत आले, आणि फेब्रुवारी २०१३ च्या १.५ या आवृत्तींत जुने सांचे काढून टाकले गेले. या नव्या कारकुनांना ‘क्लास-बेस्ड व्ह्यू’ म्हणतात. मराठींत वर्गाधिष्ठित व्ह्यू म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या तरुणीचें काम यानें कसें हलकें होतें तें पाहावें. यादीच्या पानासाठीं जँगोमध्यें ‘लिस्टव्ह्यू’ हा तयार पूर्वज आहे. एका नोंदीच्या पानासाठीं ‘डिटेलव्ह्यू’, नवी नोंद घेण्यासाठीं ‘क्रिएटव्ह्यू’, दुरुस्तीसाठीं ‘अपडेटव्ह्यू’ आणि नोंद काढून टाकण्यासाठीं ‘डिलीटव्ह्यू’. तिनें लिस्टव्ह्यूचा एक वारस निर्माण करावयाचा आणि दोनच गोष्टी सांगावयाच्या; दप्तर सूचनांचें, आणि एका पानावर सूचना वीस. दप्तर उघडणें, वीस-वीसांचे भाग पाडणें, पुढचें-मागचें पान ठरविणें, नमुना शोधून तो भरणें, हें सर्व पूर्वज करतो. उद्यां केवळ त्या दिवसाच्याच सूचना दाखवावयाच्या ठरल्या तर माहिती कोणती आणावी एवढी एकच पायरी ती आपल्या शब्दांत लिहील. या पायरीला ‘गेट-क्वेरीसेट’ म्हणतात. नमुन्याला जादा मजकूर पुरविण्याची पायरी म्हणजे ‘गेट-कॉन्टेक्स्ट-डेटा’. जिल्ह्याचें नांव या पायरींत, सर्व पानांच्या एका सामाईक पूर्वजांत, लिहून ठेवलें तर चाळीसहि पानांना तें आपोआप मिळेल. मात्र ही पायरी बदलतांना आधीं वडिलांचें काम पुरें करून घ्यावें लागतें. ‘सुपर’ या शब्दानें पूर्वजाची मूळ पायरी चालवावयाची आणि मग तींत आपली भर घालावयाची. हा शब्द विसरला तर पूर्वजानें तयार ठेवलेली यादी नमुन्यापर्यंत पोहोंचतच नाहीं, आणि जिल्ह्याच्या नांवाखालीं पान रिकामें दिसतें.

अर्जाच्या पानावर आणखी एक सोय दिसून येते. कोरा अर्ज मागणें या मागणीला ‘गेट’ म्हणतात, आणि भरलेला अर्ज पाठविणें हिला ‘पोस्ट’. फंक्शनमध्यें ही दोन्ही कामें जर-तर घालून एकाच टांचणांत बसवावीं लागतात. क्लासमध्यें गेटची पायरी निराळी आणि पोस्टची निराळी. मागणी आली कीं ‘डिस्पॅच’ नांवाची पायरी तिचा प्रकार पाहून ती योग्य जागीं धाडते. ज्या प्रकाराची पायरीच लिहिलेली नाहीं त्याला ४०५ हा आंकडा देऊन नकार मिळतो.

येथपर्यंत सोयीची गोष्ट झाली. आतां ज्या ठिकाणीं लोकांच्या खाजगी माहितीचा संबंध येतो तिकडे वळावें.

पहिली गोष्ट प्रतीची. यात्रेच्या दिवशीं एकाच वेळीं शंभर माणसें अर्ज भरीत असतील. सर्वांचा मजकूर एकाच कागदावर लिहिला गेला तर एकाचें नांव दुसऱ्यास दिसेल. म्हणून पत्त्यांच्या तक्त्यांत क्लास थेट न लिहितां ‘ॲज-व्ह्यू’ या पायरीमार्फत लिहितात. ही पायरी प्रत्येक मागणीसाठीं कोऱ्या अर्जाची नवी प्रत काढते, आणि काम संपल्यावर ती प्रत टाकून दिली जाते. परंतु नवशिका माणूस कधीं कधीं एखादी रिकामी यादी प्रतीवर न ठेवतां क्लासच्याच अंगावर लिहून ठेवतो आणि तींत अर्जदारांचीं नांवें घालीत जातो. अर्ज छापण्याच्या ठशावरच कोणीं नांव कोरावें, तसें हें होतें. पुढच्या प्रत्येक प्रतीवर तें उमटतें. एकट्यानें बसून एकदां तपासतांना ही चूक सहसा ध्यानांत येत नाहीं. गर्दी झाली म्हणजे ती दिसते, आणि तेव्हां उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्याची. पायथॉनमध्यें एका क्लासला एकाहून अधिक पूर्वज असूं शकतात. एखादाच गुण देणाऱ्या लहान पूर्वजाला ‘मिक्सिन’ म्हणतात. डिसेंबर २०१५ मध्यें निघालेल्या १.९ या आवृत्तीपासून जँगोमध्यें ‘लॉगिन-रिक्वायर्ड-मिक्सिन’ मिळतें. ओळख पटल्यावांचून कोणास आंत सोडावयाचें नाहीं, एवढेंच त्याचें काम. चौथ्या पानाला, म्हणजे अर्जांच्या यादीला, हा पहारेकरी हवाच. पण पूर्वज दोन असले म्हणजे आधीं कोणाचें ऐकावें? येथें पायथॉनचा नियम असा कीं, डावीकडे लिहिलेला आधीं. पहारेकरी डावीकडे आणि लिस्टव्ह्यू उजवीकडे लिहिला तर मागणी प्रथम पहारेकऱ्याच्या हातीं पडते. क्रम उलटा झाला तर डिस्पॅचची पायरी आधीं लिस्टव्ह्यूच्या घराण्यांत सांपडते. ती यादी काढून देते, आणि पहारेकऱ्याची पाळी कधीं येतच नाहीं.

यांत घातक गोष्ट ही कीं, कोठेंहि तक्रार उमटत नाहीं. प्रोग्रॅम चालतो, पान उघडतें, यादी बरोबर असते. लिहिणारा स्वतः बहुधा ओळख देऊन आंत आलेला असतो, म्हणून दार उघडें आहे हें त्याला कळत नाहीं. दर्शनाची रांग लावणारा माणूस पायऱ्यांच्या खालीं उभा राहिला तर रांग लागते. त्यालाच गाभाऱ्याच्या मागें नेऊन बसविलें तर तो जागा असूनहि त्याचा उपयोग नाहीं. दोन शब्दांची अदलाबदल होते, आणि शेंकडों कुटुंबांचे फोनचे आंकडे चव्हाट्यावर येतात.

पहारेकरी योग्य जागीं बसला म्हणजे सर्व झालें, असेंहि नाहीं. ओळख पटणें निराळें आणि अधिकार असणें निराळें. यात्रेकरूंनाहि संकेतस्थळावर आपलें खातें उघडतां येत असेल तर त्यांची ओळख पटेल आणि लॉगिनचा पहारेकरी त्यांना सर्वांचे अर्ज दाखवील. तेथें अधिकार तपासणारा दुसरा पहारेकरी, ‘परमिशन-रिक्वायर्ड-मिक्सिन’, लागतो. तसेंच एखाद्यास स्वतःचा अर्ज पाहण्यासाठीं डिटेलव्ह्यूचें पान दिलें, आणि त्याच्या पत्त्यांत अर्जाचा क्रमांक १७ असला, तर १७ च्या जागीं १८ घालून पाहण्यास कितीसा वेळ लागतो? पूर्वज तर मागितलेला क्रमांक निमूटपणें काढून देईल. कोणाचा अर्ज कोणास दाखवावा, हें त्याला कोणीं सांगितलेलेंच नाहीं. गेट-क्वेरीसेट या पायरींत मागणाऱ्याच्या स्वतःच्या अर्जांपुरतेंच दप्तर उघडावें, असें लिहिलें म्हणजे हा मार्ग बंद होतो. तयार सांचा श्रम वांचवितो. विवेक पुरवीत नाहीं.

वर्गाधिष्ठित पद्धतीवर जाणकारांचा जो मुख्य आक्षेप आहे तो याच ठिकाणचा. फंक्शनचें टांचण वरून खालीं वाचलें कीं सारें समजतें. क्लासमध्यें तीन ओळी दिसतात आणि उरलेला अर्थ पूर्वजांच्या पोटांत असतो. एकट्या लिस्टव्ह्यूच्या पाठीशीं सहा पूर्वज आहेत. हेळव्यानें वंशावळ सांगावी तशी ती परंपरा माहीत असल्यावांचून, कोणती पायरी केव्हां चालली हें सांगतां येत नाहीं. जँगो घडविणाऱ्या मंडळींपैकीं ल्यूक प्लांट यांनीं याच कारणास्तव फंक्शनच्या पद्धतीचा आग्रहानें पुरस्कार केला आहे. जँगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेंतहि असेंच म्हटलें आहे कीं, वर्गाधिष्ठित व्ह्यू हा एक पर्याय आहे. फंक्शनची जागा घेण्यासाठीं तो आलेला नाहीं.

हा विचार परदेशापुरताच आहे, असें श्रोत्यांनीं समजूं नये. पायथॉन वापरणाऱ्यांची भारतीय परिषद २०११ सालीं पुण्यांत भरली होती. मुंबईच्या रुषभ मेहता यांच्या संस्थेनें घडविलेलें ‘फ्रॅपे’ हें फ्रेमवर्क पायथॉनचाच आधार घेतें, आणि दुकान-कारखान्यांचे हिशेब सांभाळणारा ‘ईआरपीनेक्स्ट’ हा प्रोग्रॅम त्यावर उभा आहे. दोहोंची मूळ लिखावट कोणासहि पाहतां येते. तेथेंहि बिल, पावती, मागणीपत्र अशा प्रत्येक कागदाचा एकेक क्लास असून ‘डॉक्युमेंट’ हा त्या सर्वांचा मूळपुरुष आहे. कागद साठविण्यापूर्वीं काय तपासावें ती ‘व्हॅलिडेट’ नांवाची पायरी लिहिणाऱ्यानें लिहावी. नोंद जपून ठेवण्याचें काम पूर्वज पाहतो. ज्या कागदाचें संकेतस्थळावर पान व्हावयाचें त्याच्या क्लासनें ‘वेबसाइट-जनरेटर’ या पूर्वजाचा वारसा घ्यावयाचा. नांवें निराळीं असलीं तरी जें सामान्य तें एकदांच लिहावें आणि जें विशेष तेवढें वेगळें सांगावें, हें सूत्र तेंच.

मग त्या तरुणीनें काय करावें? यादी, एक नोंद, नवा अर्ज, दुरुस्ती, अशा ठराविक घडणीचीं पानें पुष्कळ असतील तर क्लासचा मार्ग धरावा. जें पान जगावेगळें आहे, ज्याच्या पायऱ्या दुसऱ्या कोणत्याहि पानाशीं जुळत नाहींत, तें फंक्शननेंच लिहावें. सांचा वांकवून वांकवून त्यांत न बसणारें काम बसवूं नये. तसें केल्यानें वांचलेल्या ओळींहून वाचणाऱ्याचे श्रमच अधिक होतात. पूर्वज घेतला तर त्याची वंशावळ एकदां तरी वाचावी, आणि पहारेकरी नेहमीं सर्वांच्या डावीकडे ठेवावा.

आणि संकेतस्थळ लोकांपुढें ठेवण्याच्या आदल्या दिवशीं एक लहानसें काम स्वतःच्या हातानें करावें. आपल्या खात्यांतून बाहेर पडावें, कोणीहि अनोळखी माणूस मागेल त्याप्रमाणें चौथें पान मागावें, आणि दार बंद आहे कीं नाहीं तें पाहावें. मग एका साध्या यात्रेकरूचें खातें उघडून तेंच पान पुन्हां मागावें. दोन्ही वेळां नकार मिळाला तरच दुसऱ्या दिवशीं लोकांना त्यांचीं नांवें व फोनचे आंकडे लिहावयास सांगावें.